सामूहिक ज्ञाननिर्मिती : श्रेय आणि अनुमती

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. त्यातील लेख सहसा कोणा एका लेखकाचे नसतात. अनेक स्वयंसेवक ते विनामोबदला लिहितात, तपासतात व दुरुस्त करतात. असा मजकूर एखाद्या मार्गदर्शिकेत घ्यावयाचा झाल्यास अनुमती कोणाकडे मागावयाची व श्रेय कोणास द्यावयाचे, हा प्रश्न कायद्याइतकाच अर्थशास्त्राचाही आहे.

गायरान अतिचराईने उजाड होते. लेख मात्र वाचनाने झिजत नाही. सामाईक संसाधनांचे वापरकर्ते स्वतःच नियम करून ती टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले व त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञानाच्या गायरानाला असलेला धोका निराळा आहे. तेथे वापर अति होण्याची भीती नसून निर्मिती थांबण्याची भीती असते. विनावेतन लिहिणाऱ्याच्या पदरी श्रेयाखेरीज फारसे काही पडत नाही. तेच पुसले गेले, तर त्याने पुढचा लेख का लिहावा?

प्रताधिकार कायदा, १९५७ हा कल्पना किंवा तथ्य यांना नव्हे, तर त्यांच्या अभिव्यक्तीला संरक्षण देतो. आर. जी. आनंद प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले. कलम ५२ अन्वये खाजगी अभ्यास, संशोधन, टीका व समीक्षा यांसाठी उचित वापरास मुभा आहे. स्वतःच्या टिपणवहीसाठी परीक्षार्थीला कोणाची अनुमती लागत नाही. तीच वही छापून विकावयास काढली की गोष्ट बदलते.

कलम ५७ विशेष लक्षात ठेवावे. प्रताधिकार हस्तांतरित केल्यावरही कर्तृत्वाचा दावा लेखकाकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढण्यात आले व त्याची हानी झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र शासनाला दिला.

विकिपीडियाचा मजकूर २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. येथे अनुमती आधीच दिलेली असते, अगदी विक्रीसाठीसुद्धा. परंतु ती सशर्त असते. मूळ लेखाचा दुवा व परवान्याचे नाव द्यावे लागते, केलेले बदल नोंदवावे लागतात आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. ‘मुक्त’ म्हणजे ‘बेवारस’ असा समज अनेक प्रकाशकांतही आढळतो, तो चुकीचा आहे. छायाचित्रांचे परवाने बहुधा स्वतंत्र असतात, म्हणून ते वेगळे पाहावेत.

शासकीय आकडेवारीही याला अपवाद नाही. भारत सरकारने २०१७ मध्ये अधिसूचित केलेल्या मुक्त विदा परवान्यानुसार आकडेवारी विनाशुल्क वापरता येते. मात्र ती पुरविणाऱ्या विभागाचा, स्रोताचा व परवान्याचा उल्लेख बंधनकारक आहे.