मेहेरबानी आणि हक्क यांत फरक तो काय?

प्रश्न : शाळेत लॉक, मॉन्टेस्क्यू, रूसो शिकवतात. आजोबा मात्र म्हणतात, 'निजामाच्या राज्यातही कोर्ट-कचेरी होतीच की!' मग या परदेशी मंडळींनी सांगितलेलं आपल्याकडे नेमकं काय नव्हतं?
– एक विद्यार्थिनी, हदगाव

उत्तर : आजोबा चुकीचं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू. १९२१ साली सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने फर्मान काढून न्यायखातं कारभाराच्या अंमलापासून वेगळं केलं. त्या काळी ब्रिटिश मुलखात जिल्ह्याचा कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही असे. कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा एकच असला की रयतेला वाली उरत नाही, हे मॉन्टेस्क्यूने १७४८ साली सांगितलं होतं. म्हणजे या पेपरात निजामाला थोडे गुण द्यावेच लागतात.

पण पैकीच्या पैकी नाहीत. का? फर्मानाने दिलेलं फर्मानानेच काढूनही घेता येतं. लॉकचं म्हणणं असं, की जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो. सरकार हा लोकांनी संमतीने ठेवलेला राखणदार; तो उलटला तर बदलता आला पाहिजे. रूसो म्हणे, कायदा लोकांच्या सामाईक इच्छेतून यावा. हैदराबाद संस्थानात 'गश्ती निशाण ५३' नावाच्या हुकुमामुळे साधी सभा घ्यायलाही परवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेस या राजकीय संघटनेवर तर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली! कोर्ट होतं, पण राखणदार बदलायची सोय नव्हती.

आता दोन गैरसमज. पहिला, हे विचारवंत सगळ्यांना समान मानत. तसं नव्हतं. फ्रेंच लेखक व्होल्तेअरचा भरवसा शहाण्या राजावर होता. रूसोच्या मते मुलींचं शिक्षण पुरुषांच्या सोयीचं असावं. त्याचा समाचार इंग्रज लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्टने १७९२ साली घेतला.

दुसरा, आपण सगळं आयतं उचललं. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं खरं. पण पेनने जो प्रश्न राजाला विचारला, तो फुल्यांनी जातीला विचारला. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. बाबासाहेब आंबेडकरांनीही स्पष्ट केलं होतं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाकडून घेतली.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला आणि १९५० पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या ३२व्या कलमाने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्कच दिला. राखणदाराला जाब विचारायची सोय झाली ती इथे.

फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर एखादा दिवस तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याशेजारी बस. एक अर्ज सुरू होतो, 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी'. दुसरा असतो माहितीच्या अधिकाराखालचा, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे; त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलेलं. त्याला साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर अपील. पहिल्यात विनंती आहे, दुसऱ्यात मुदत. पहिल्या अर्जासारखे कागद निजामाच्या दप्तरातही सापडतील. दुसऱ्यासारखा एखादा कधी पाहिला का, ते आजोबांना विचार.