दोन एकर पंधरा गुंठ्यांचा हिशोब आणि स्वतः लिहिलेला प्रोग्राम

दोन एकर पंधरा गुंठे म्हणजे किती हेक्टर, हा प्रश्न ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांना नवा नाही. काही वर्षांपूर्वी एका पुस्तिकेसाठी अशा क्षेत्रांचा तक्ता करण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. कॅल्क्युलेटरवर २.१५ हा आकडा दाबला, एकरास ४०.४७ आर या प्रमाणाने गुणले आणि उत्तर ८७ आर आले. वास्तविक ते ९६ आर यावयास हवे. एकरात गुंठे चाळीस असतात, शंभर नव्हेत. त्यामुळे पंधरा गुंठ्यांचे सहाच झाले आणि नऊ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी झाली. मुद्रिते तपासताना एका शिक्षकांच्या ती चूक लक्षात आली म्हणून निभावले. मात्र ती कोठे झाली हे शोधण्यात एक दिवस गेला, कारण यंत्राच्या पडद्यावर उत्तर तेवढे राहते, केलेली क्रिया राहत नाही.

यावर उपाय म्हणून लेखकाने स्वतःपुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला. केवळ अक्षरे टंकित करून संगणकास आज्ञा देण्याच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, तो चालतो. ही कल्पना जुनीच आहे. युनिक्स प्रणालीत ‘बीसी’ हा अशा धर्तीचा प्रोग्राम १९७५ पासून आहे. लेखकाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा वापरली. ती विनामूल्य मिळते आणि कला शाखेच्या पदवीधरासही झेपते!

प्रोग्रामचा सांगाडा साधा आहे : एक ओळ वाचावी, उत्तर काढावे, ते दाखवावे आणि पुढील ओळीची वाट पाहावी. खरे काम आहे ते ओळीचा अर्थ लावण्याचे. १० + ५ × २ असे ओळीने दाबल्यास अनेक साधे कॅल्क्युलेटर ३० दाखवितात. गणिताच्या नियमाने उत्तर २० आहे, कारण गुणाकार आधी करावयाचा. हा अग्रक्रम संगणकास समजावून देण्याची एक सुंदर रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये मांडली. रेल्वेच्या यार्डात डबे बाजूच्या रुळावर थांबवून क्रम बदलतात, तसाच हा प्रकार आहे. संख्या सरळ पुढे जातात. चिन्हे बाजूस थांबतात. अधिक हे चिन्ह थांबलेले असता गुणाकाराचे चिन्ह आले, तर ते वरचढ असल्याने त्याच्या पुढे उभे राहते आणि निघतानाही आधी निघते. हाती येते ती रांग अशी : १०, ५, २, गुणिले, अधिक. आता शेवटच्या दोन संख्यांचा गुणाकार करून तो पहिलीत मिळविला की झाले.

टंकित केलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञा समजून चालविण्याची सोय पायथनमध्ये आहे. तिने हे सारे एका ओळीत उरकते. पण आकड्यांच्या जागी कोणी फाइल पुसण्याची आज्ञा लिहिली तर तीही पाळली जाईल. चार जणांनी हाताळावयाच्या संगणकावर हा मोह टाळलेला बरा.

पैशांच्या हिशोबात आणखी एक दक्षता हवी. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवितो. त्या पद्धतीत ०.१ नेमका लिहिता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेत सतराव्या दशांशस्थळी एक उपरा ४ उमटतो. पायथनमधील ‘डेसिमल’ हा प्रकार वापरला म्हणजे ही अडचण राहत नाही.

यानंतर आपल्या गरजेची भर घालावी. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. एकर व गुंठे हे दोन स्वतंत्र आकडे म्हणून घ्यावेत, दशांशचिन्हाने जोडू नयेत. देवनागरी अंकांतील मजकुराचे संख्येत रूपांतर पायथन आपणहून करते. त्यासाठी वेगळी खटपट नको. प्रत्येक ओळ, तिचे उत्तर आणि दिनांक एका फाइलमध्ये नोंदवीत जाण्यास तीन-चार ओळी पुरतात. लेखकाच्या मते साऱ्या प्रोग्रामचे मोल त्या ओळींतच आहे.

वापरापूर्वी प्रोग्राम माहीत असलेल्या उत्तरांवर तपासावा. एक एकर आणि चाळीस गुंठे यांचे उत्तर एकच, ४०.४७ आर, आले पाहिजे; दोन एकर पंधरा गुंठ्यांचे ९६.११ आर. कोणी एकरांसोबत पंचेचाळीस गुंठे लिहिले, तर उत्तर न देता प्रोग्रामने ती ओळ परत करावी.