दोन इंग्लिश आणि एक फ्रेंच

व्यापारी पत्रव्यवहाराच्या चाचणीत एक पत्र लिहायचे होते. परदेशी पाहुणे आपल्या फाउंड्रीला भेट देऊन गेले, असा विषय. मी लिहिले, 'ॲन अमेरिकन, अ फ्रेंच अँड टू इंग्लिश'. पेपर परत मिळाला तेव्हा फ्रेंच आणि इंग्लिश यांच्याभोवती तांबडी वर्तुळे होती. अमेरिकन मात्र सुटला होता! इंग्रजी माध्यमाचे दोघे-तिघे हसले. पण एक बरोबर आणि दुसरे चूक का, हे त्यांनाही सांगता येईना. म्हणे, कानाला बरे वाटत नाही. मराठी शाळेतून आलेल्याने हा कान आणायचा कुठून?

तो मला घरातच सापडला. 'दोन इंग्रजी आले' असे आपण कधी म्हणतो का? पुस्तक इंग्रजी, पण माणूस इंग्रज. टोपी तुर्की, माणूस तुर्क. शेजारच्या बाकावरचा मित्र म्हणाला, आमच्यातही भाषा कन्नड आणि माणूस कन्नडिग. उलट जपानी मात्र मालही आणि माणूसही.

इंग्रजीतही असेच आहे. इंडियन, अमेरिकन, इटालियन, जर्मन हे शब्द विशेषणही होतात आणि नामही. अनेकवचनात त्यांना 'एस' लागतो. (इंग्लिशमेनच्या चालीवर मी एकदा 'जर्मेन' लिहून बसलो होतो. त्यातला 'मन' माणूस नव्हे, जर्मन्सच बरोबर.) फ्रेंच, इंग्लिश, डच, आयरिश यांचे तसे नाही. 'द फ्रेंच' म्हणजे सारे फ्रेंच लोक, म्हणून क्रियापद 'आर'. एकटा असेल तर फ्रेंचमन, बाई असेल तर फ्रेंचवुमन. स्पॅनिशचा स्पॅनियर्ड, पोलिशचा पोल, स्वीडिशचा स्वीड होतो. इथे पाठांतराला इलाज नाही. चायनीज, जपानीज यांना 'एस' लागत नाही. मात्र एकट्या माणसाला 'अ चायनीज' म्हणणे आज पुष्कळांना उर्मटपणाचे वाटते, आणि गिऱ्हाइकाला दुखवून धंदा कसा व्हायचा?

पत्रात सर्वांत बिनधोक म्हणजे विशेषणापुढे नाम ठेवणे. आलेला माणूस माल घेणारा की यंत्र पाहणारा, हेही त्यातच कळते. मी वाक्य पुन्हा लिहिले: 'ॲन अमेरिकन बायर, अ फ्रेंच एंजिनिअर अँड टू इंग्लिश डायरेक्टर्स'. सरांना नेऊन दाखवले. या वेळी वर्तुळ एकच पडले. एंजिनिअरच्या स्पेलिंगात एक 'ई' कमी होता.