पुढून ओढणारी की मागून ढकलणारी?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. त्या खरेदीदारांपुढे एक प्रश्न मात्र नव्हता: इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना जाते? मर्सिडीजची सेडान म्हटली की इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, हे तेव्हा धरूनच चालत. बोनेटवरचं चिन्ह पाहिलं की खालचं यंत्र कळायचं.

आता ते कळत नाही. मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन २०२१ मध्ये भारतात आली, तिला पुढची चाकं ओढतात. बीएमडब्ल्यूची टू सिरीज ग्रान कूपे २०२० मध्ये आली, तीही तशीच. त्याच शोरूममध्ये शेजारी उभ्या असलेल्या सी-क्लासला किंवा थ्री सिरीजला मात्र मागची चाकं ढकलतात. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेल्या पेट्रोल ऑडी ए४ आणि ए६ पुढच्या चाकांवर चालतात, चाकणची ई-क्लास मागच्या. लेक्सस ईएस पुढच्या, व्होल्वो एस९० पुढच्या. पन्नास-साठ लाख मोजणारा माणूस सीटचं चामडं, सनरूफ आणि स्पीकर यांची खडान् खडा चौकशी करतो, आणि गाडी कुठली चाकं पळवतात हे त्याला पहिल्या पावसाळ्यात कळतं.

यात खरेदीदाराचा फार दोष नाही. २०१० मध्येच बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी सांगितलं होतं की वन सिरीजच्या ८० टक्के मालकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असं वाटतं. प्रत्यक्षात ती मागच्या चाकांवर चालत होती. चार वर्षांनी कंपनीने आपल्या चिन्हाची पहिली फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी, टू सिरीज ॲक्टिव्ह टूरर, बाजारात आणली. कोरड्या, सपाट रस्त्यावर बेताने चालवणाऱ्याला हा फरक जाणवत नाही हे खरंच आहे. तो जाणवतो पावसात, चढ-उतारावर आणि वळणावर, म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्या घाटांत.

कोल्हापूरच्या एका फाउंड्रीवाल्यांना तो आंबोलीत जाणवला. हे गृहस्थ माझे साडू, आणि त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो, म्हणून जे झालं ते नीट सांगता येतं. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, महागडी, सगळ्या एअरबॅगांसकट. आजऱ्यावरून आंबोलीत पोहोचेपर्यंत पाऊस धो धो सुरू झाला होता. सावंतवाडीकडे घाट उतरताना एका डाव्या वळणावर त्यांना पुढे थांबलेली एसटी दिसली, त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर नेला, आणि गाडीचं नाक वळणात असतानाच मागचा भाग उजवीकडे निसटला. स्टेअरिंगमध्ये आधी काही थरथर नाही, सूचना नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा भराभर लुकलुकला, गाडी अर्धीअधिक सावरली, तरी मागचा कोपरा दगडी कठड्याला घासलाच. कुणाला लागलं नाही. छत्री घेऊन खाली उतरलेले साडू टायरांकडे बघत एवढंच म्हणाले, “अवो पाव्हणं, परवाच नवं टायर घातल्यात की!”

नवे टायर घातले होते हे खरं, पण दोनच, आणि तेही पुढे.

पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, कारण ओढणं, वळणं आणि ब्रेकचा मोठा भार हे तिन्ही त्यांच्याच वाट्याला. मग दुकानात सल्ला मिळतो की इंजिन पुढची चाकं फिरवतं, तर नवी जोडी पुढेच घाला. ऐकायला हे पटतं. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र उलट आहे: दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे घाला आणि मागची बरी जोडी पुढे आणा, गाडी कुठल्याही चाकांवर चालत असो. कारण पुढची चाकं पाण्यावर तरंगू लागली तर स्टेअरिंग हलकं पडतं, हाताला कळतं, आणि पाय उचलला की बहुतेक वेळा गाडी परत ऐकते. मागची चाकं तरंगली तर हाताला काहीच कळत नाही, गाडी एकदम फिरते. त्यातून उतार आणि ब्रेक एकत्र आले की वजन पुढे झुकतं, मागची चाकं आणखी हलकी होतात. आंबोलीत या सगळ्या गोष्टी एका वळणावर जमल्या होत्या. साडूंच्या मागच्या टायरांची नक्षी कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा जास्तच होती, म्हणजे कागदोपत्री टायर ठीक होते. पण साचलेलं पाणी बाहेर फेकायला ती नक्षी पुरली नाही.

मूळ मुद्दा असा की टायरची रस्त्यावरची पकड मोजकी असते. ती गाडी पळवायला वापरा, वळवायला वापरा किंवा थांबवायला, साठा तेवढाच. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पळवणं आणि वळवणं ही दोन्ही कामं एकाच जोडीवर येतात. ओल्या वळणावर जास्त पाय दिला की स्टेअरिंग वळवलेलं असूनही नाक सरळ जाऊ लागतं. घाबरलेल्या माणसाचा पाय आपोआप उठतो, आणि इथे तेच करायचं असतं. मागच्या चाकांच्या गाडीत कामांची वाटणी असते: पुढचे टायर वळवतात, मागचे ढकलतात. म्हणूनच तिचं स्टेअरिंग स्वच्छ लागतं, आणि वळणामागून वळण घेताना ती हाताशी जास्त खरं बोलते. स्वतः गाडी चालवण्याची ज्याला मनापासून आवड आहे, त्याने माझ्या मते हीच घ्यावी. पण वळणातून बाहेर पडताना उतावीळपणे पाय दिला तर तिचं शेपूट बाहेर फेकलं जातं. मग शेपूट ज्या बाजूला सरकतंय त्याच बाजूला स्टेअरिंग अलगद वळवावं लागतं. हे उपजत येत नाही, शिकावं लागतं. ईएससी, म्हणजे गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा, दोन्ही प्रकारांत फार मोठा आधार देते. नसलेली पकड मात्र तिला निर्माण करता येत नाही.

चढावर गणित पालटतं. चढाला गाडीचं वजन मागे सरकतं. मागे तिघं बसलेले आणि डिकी भरलेली असेल तर आणखीच. तेव्हा पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या चढावर थांबून पुन्हा निघताना ती जागच्या जागी फिरून चरचरतात. मागच्या चाकांच्या गाडीला हेच वजन उपयोगी पडतं. घाटात टुरिस्ट गाड्या चालवणारे ड्रायव्हर इनोव्हा क्रिस्टाचं नाव काढतात त्याचं एक कारण हे आहे. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, २०२२ मध्ये आलेली हायक्रॉस पुढच्या. भरल्या गाडीने चढ चढणं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांना हा फरक तक्त्यात वाचावा लागत नाही.

पण रिकाम्या गाडीचा मामला वेगळा. रत्नागिरीजवळच्या एका आमराईत भर पावसात मागच्या चाकांवर चालणारी एक सेडान अडकलेली मी पाहिली. चढ किरकोळ होता, ओलं गवत आणि खाली लाल माती. गाडीत एकटा मालक, डिकी रिकामी. इंजिनाचं सगळं वजन पुढे, आणि ढकलायचं काम मागच्या हलक्या चाकांना. चाकं फिरत होती, गवत सोलून निघत होतं, गाडी तिरकी होत चालली होती. तिच्या आधी एक छोटी हॅचबॅक, अर्थात पुढच्या चाकांची, तिथूनच वर गेली होती. शेवटी बागेतल्या गड्यांनी मागच्या चाकांपुढे गोणपाट टाकलं, डिकीत जांभ्याचे चिरे ठेवले, आणि मालकाला ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करायला लावलं, कारण चाक फिरू लागलं की ती यंत्रणा इंजिनाचा जोरच तोडत होती. गाडी हळूहळू वर आली. अशा जागी ते बटण थोडा वेळ बंद करावं आणि डांबरी रस्त्यावर येताच आठवणीने सुरू करावं. पुढच्या चाकांच्या गाडीसाठी जुन्या ड्रायव्हरांची युक्ती याहून सोपी आहे. निसरडा चढ सरळ चढत नसेल आणि मागे मोकळी जागा असेल तर गाडी रिव्हर्समध्ये चढवायची. तेव्हा इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच राहतं.

आता मागच्या सीटचं. या गाड्यांचे बरेच मालक स्वतः चालवत नाहीत, आणि त्यांच्यासाठी चाकांचा प्रश्न दुय्यम आहे असं मला ठामपणे वाटतं. लेक्सस ईएसमध्ये मागे बसून मुंबई-पुणे केलेल्या माणसाला ताकद पुढे जाते की मागे याने काही फरक पडत नाही. त्याला शांतता हवी, पाय पसरायला जागा हवी. जागेच्या बाबतीत एक समज मात्र तपासून घ्यावा. पुढच्या चाकांच्या गाडीत मागे शाफ्ट जात नाही, म्हणून मधली जमीन सपाट, असं सांगतात. छोट्या गाड्यांत ते बहुतांशी खरं आहे. पण ऑडीच्या सेडानचा सांगाडा चारही चाकांच्या क्वाट्रोसाठीही आखलेला असतो, आणि एस९०च्या सांगाड्यात हायब्रिडच्या बॅटरीची सोय आहे. त्यामुळे मधला उंचवटा तिथेही चांगलाच जाणवतो. मागे तिसरं माणूस, विशेषतः घरातलं वयस्कर, नेहमी बसणार असेल तर त्यांनाच शोरूममध्ये घेऊन जा आणि मधल्या जागेवर दहा मिनिटं बसवा.

गल्लीबोळात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मागच्या चाकांच्या बाजूने आहे. इंजिन उभं बसवलेलं असतं आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे शाफ्ट नसतात, म्हणून ती चाकं जास्त कोनात वळू शकतात. लांबलचक ई-क्लास अरुंद फाटकातून एका दमात वळते ती यामुळेच.

टेस्ट ड्राइव्ह साधारणपणे शोरूमभोवती सपाट रस्त्यावर, एकट्याने, कोरड्या दिवशी होते. त्यात वर सांगितलेलं काहीच कळत नाही. कुटुंब सोबत घ्या, पाऊस असेल तर उत्तम, आणि जवळच्या चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा काढून पाहा. पुण्यात कात्रज आहे, साताऱ्यात यवतेश्वर आहे, नाशिकला कसारा फार लांब नाही. आणि मॉडेलच्या नावावर विसंबू नका, नेमक्या व्हेरिएंटची चौकशी करा. एकाच नावाची गाडी पुढच्या चाकांवरही मिळते आणि चारही चाकांवरही, आणि परदेशी परीक्षणात वाचलेली गाडी इथे येते तेव्हा दुसरी असू शकते.

जुनी घेणाऱ्यांनी आणखी थोडं वाकून बघावं. पुढच्या चाकांच्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. कट-कट असा आवाज आला तर शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलेला असण्याची शक्यता मोठी. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर जॉइंटवरचं रबरी बूट फाटलंय. मागच्या चाकांच्या गाडीत ठरावीक वेगाला येणारी गुरगुर आणि पायाखालची थरथर ऐका. ती मधल्या शाफ्टच्या रबरी जोडाची किंवा बेअरिंगची असू शकते, नाहीतर डिफरन्शियलची. दोन्ही प्रकारांत टायरांच्या बाजूवरचे आकडे वाचा. काही मागच्या चाकांच्या गाड्यांना मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतात. ते पुढे-मागे बदलता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी आधी गुळगुळीत होते आणि तिची किंमतही जास्त पडते. सौदा करताना त्या जोडीचा भाव आधी विचारून घ्यावा आणि तेवढी रक्कम बोलीतून वजा करावी.