ठिपकेदार डोळ्यांची माशी

प्रश्न : तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाशीसारखी माशी येते. डोळ्यांवर बारीक ठिपके आहेत. ही एरिस्टॅलिस का?

उत्तर : नाही, एरिस्टॅलिनस. आधी पंख मोजा. दोनच भरतील, मधमाशीला चार असतात. लिनियसने १७५८ मध्ये यांच्यातल्या एकीला चक्क घरमाशीच्या ‘मस्का’ जीनसमध्ये बसवलं होतं! (जाती-प्रजातीचा घोळ नको, म्हणून जीनसच म्हणतो.) लात्रेइयने १८०४ मध्ये एरिस्टॅलिस वेगळी काढली, रोंदानीने १८४५ मध्ये एरिस्टॅलिनस. दोघींच्याही पंखातली एक शीर मध्येच खाली झोल खाते, त्यामुळे पंखावरून फसगत होते. डोळे मात्र फसवत नाहीत : एरिस्टॅलिसचे एकरंगी, एरिस्टॅलिनसचे ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे. जुन्या पुस्तकांत काही एरिस्टॅलिनस अजून एरिस्टॅलिस याच नावाने भेटतात.