पंचनाम्यापासून सुरू होणारी वकिली

यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगा, वर्धा, पूस, अडाण आणि अरुणावती या नद्यांच्या काठांवरील गावांना पूर नवा नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढले, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली होती. बचावकार्य काही दिवसांत आटोपते, परंतु मदतवाटप, पुनर्बांधणी आणि पुढच्या पुराची तयारी ही कामे वर्षानुवर्षे चालतात. त्यांत शासनाची बाजू मांडणाऱ्या विधिज्ञाची, म्हणजे जिल्हा सरकारी वकिलाची किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातील विधी अधिकाऱ्याची, गरज दावा दाखल झाल्यावरच लागते, असा समज रूढ आहे. हा समज शासनाला आणि आपद्ग्रस्तांनाही महागात पडतो, कारण शासनाची बाजू बळकट की कमकुवत हे बांधावर लिहिलेल्या पंचनाम्यातच ठरून गेलेले असते.

या कामाचा पाया म्हणजे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. त्याच्या कलम २५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, तर कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पाणी, आरोग्यसेवा आणि सानुग्रह साहाय्य, म्हणजे हानीपोटी शासनाने द्यावयाची रोख मदत, यांच्या किमान मानकांची तरतूद आहे. कोविडने मरण पावलेल्यांच्या वारसांविषयी ३० जून २०२१ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मानके सुचवणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. म्हणूनच मदत ही शासनाची मर्जी आहे, असा युक्तिवाद ज्या उत्तरात डोकावतो ते उत्तर कायद्याच्या कसोटीवर टिकत नाही, आणि जबाबदार वकिलाने ते दाखल होण्याआधीच थांबवले पाहिजे.

सर्वाधिक वाद उद्भवतात ते नकाराच्या आदेशांतून. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी समजली जाते, आणि पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असल्यास निविष्ठा अनुदान, म्हणजे बियाणे व खतांसारख्या खर्चाची अंशतः भरपाई, देय होते. पर्जन्यमापक मंडळाच्या एका ठिकाणी असतो. पैनगंगेकाठचे शेत मात्र वरच्या भागातील पावसाने किंवा इसापूर धरणाच्या विसर्गानेही पाण्याखाली जाऊ शकते. अशा शेतकऱ्याला केवळ पावसाच्या आकड्यावरून नकार दिला आणि आदेशात ‘निकषात बसत नाही’ एवढेच लिहिले, तर पुढे शपथपत्रात कितीही कारणे जोडली तरी उपयोग होत नाही. आदेशात नसलेली कारणे नंतर शपथपत्राने पुरवता येत नाहीत, हे तत्त्व मोहिंदरसिंग गिल प्रकरणात १९७७ सालीच स्पष्ट झाले आहे. म्हणून तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त पंचनाम्यात नुकसानीचे कारण, गट क्रमांक, बाधित क्षेत्र, छायाचित्र आणि तारीख यांची नोंद होईल असा नमुना विधी अधिकाऱ्याने मृगापूर्वीच तयार करून द्यावा.

दुसरा धोका जमिनीच्या नोंदींत दडलेला असतो. सातबाऱ्यावर मृत खातेदाराचेच नाव राहिलेली विधवा, सामाईक खात्यातील भाऊ, मक्त्याने शेती कसणारा भूमिहीन, वनहक्काचा पट्टा हाती न आलेले कोलाम कुटुंब आणि अतिक्रमित जागेवर घर असलेला तांड्यावरचा रहिवासी, यांचे नुकसान खरे असूनही त्यांचा दावा कागदावर उभा राहत नाही. वारस नोंदी आणि सहहिस्सेदारांची संमतीपत्रे यांसाठी पावसाळ्यापूर्वी गावोगावी शिबिरे घेण्याचा सल्ला देणे, हे या वकिलाच्या सेवेतील सर्वांत मोलाचे काम ठरू शकते.

दरही ज्या त्या घटनेच्या शासन निर्णयानुसार तपासावे लागतात. २०२२ मध्ये केंद्राच्या निकषानुसार जिरायत पिकांना २ हेक्टरपर्यंत हेक्टरी ६,८०० रुपये देय असताना राज्याने त्या पावसाळ्यासाठी ३ हेक्टरपर्यंत १३,६०० रुपये दिले होते. एका हंगामाचा वाढीव दर दुसऱ्या हंगामाला आपोआप लागू होतो असे गृहीत धरले, तर अर्जदाराच्या मनात खोटी अपेक्षा निर्माण होते आणि पुढे वसुलीचा कटू प्रसंगही ओढवू शकतो.

पुनर्बांधणीच्या टप्प्यावर सावधगिरीचे स्वरूप बदलते. कलम ५० प्रमाणे बचाव किंवा मदतीसाठी साहित्य तातडीने लागत असेल तेव्हा निविदा प्रक्रिया वगळता येते, परंतु पूर ओसरून कित्येक महिने झाल्यावर बांधल्या जाणाऱ्या पुलाला ही सवलत लावली तर लेखापरीक्षणात आणि न्यायालयातही तिचे समर्थन करणे कठीण होते. तसेच पुनर्वसनासाठी जागा निवडताना २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर पाहिल्याशिवाय प्रस्तावाला विधी विभागाची संमती देऊ नये. पूरग्रस्ताला पुन्हा पूरक्षेत्रातच वसवणारा आदेश कागदोपत्री निर्दोष असला तरी अन्यायकारकच असतो.

शेवटचा मुद्दा अधिकारक्षेत्राचा आहे. या अधिनियमाखाली झालेल्या कारवाईविरुद्धचे दावे कलम ७१ नुसार दिवाणी न्यायालयात चालत नाहीत, त्यामुळे सरकारी वकिलाला प्राथमिक आक्षेप घेऊन दावा फेटाळून घेता येतो. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, उमरखेड किंवा झरी जामणीच्या अल्पभूधारकाला दाद मागण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागते. हा आक्षेप घेणे कर्तव्याचा भाग असला, तरी त्याच दिवशी संबंधित अर्ज तहसील पातळीवर फेरतपासणीसाठी घ्यावा आणि त्यावर ठरावीक मुदतीत सकारण आदेश द्यावा, असे लेखी मत देण्याचा अधिकारही याच वकिलाकडे असतो. तो जो वकील वापरतो, त्याच्या हातून शासनाचे हितही अधिक चांगले राखले जाते, कारण वेळेवर आणि कारणांसह झालेल्या निर्णयाविरुद्ध याचिका करण्याची गरज फार थोड्यांना भासते.