माधवगंजात समुद्री स्पीकर

आमच्या वाड्याच्या चौकात हल्ली जे चार स्पीकर वाजतात, ते मुळात शिडाच्या बोटींसाठी बनवलेले आहेत. अशा बोटीत सुकाणू धरणारा माणूस जिथे उघड्यावर बसतो त्याला कॉकपिट म्हणतात, त्याच्या भिंतीत हे बसवायचे असतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माधवगंजपासून समुद्र शेकडो कोस लांब. लष्करात बोट म्हटली की फार तर तिघरा धरणावरची सहल आठवते. पण कॉकपिट काय आणि वाड्याचा चौक काय, दोघांचं दुखणं एकच: डोक्यावर छप्पर नाही. गणपतीचे दहा दिवस, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, रामनवमीचं कीर्तन, शिवाय रविवार सकाळची जुनी ध्वनिमुद्रणं, एवढं सगळं या चौकात होतं. जुने दोन स्पीकर बदलताना जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे.

१. आवाज फाटला की अँप्लिफायरवर खापर फोडू नका.
काकांचा निकाल तयार होता. “अगं, मशीनच गेलंय. नवं घे, आणि या वेळी चांगलं मोठं घे.” मी शिडी लावून जाळी काढली. आत कुंभारमाशीने मातीची घरटी थापली होती, ती खरवडल्यावर खरं दुखणं दिसलं. स्पीकरच्या कागदी शंकूभोवती फोमची मऊ कडा असते. तिच्यावर बोट टेकवलं, तर काळा चिकट भुगा खाली पडला. हा फोम हवेतल्या दमटपणाने आपोआप कुजतो, स्पीकर वाजवा नाहीतर नुसता ठेवा. मल्टिमीटर लावला तर कॉइल शाबूत होती. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल मीटरवर साधारण सहाच्या आसपास दाखवते, तेवढी दाखवलीच. अँप्लिफायर बिचारा निर्दोष.

मिस्त्री म्हणाला, “दीदी, मैग्नेट तो अभी भी दमदार है, नया कोन डलवा लो.” दिवाणखान्यातला स्पीकर असता तर मी त्याचं ऐकलं असतं, कारण नवा कोन, म्हणजे शंकू, स्वस्तात पडतो आणि जुनं लोहचुंबक खरंच उत्तम असतं. पण उघड्यावर पुन्हा कागदच बसवायचा, म्हणजे दोन-चार पावसाळ्यांत तो पुन्हा पाणी पिऊन जड होणार. म्हणून स्पीकरच बदलायचं ठरवलं.

२. खोक्यावरचे वॅट वाचू नका, आतलं साहित्य वाचा.
मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणभराचा असतो. सतत चालणारी ताकद बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ म्हणून दिलेली असते. तीही दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. ग्वाल्हेरला खरा प्रश्न मे-जूनचा असतो: पारा ४५च्या पुढे, संध्याकाळी आंधी, तिच्याबरोबर खिडकी-दारातून शिरणारी पिठासारखी माती, आणि मग जुलैची झड. बोटीच्या स्पीकरचा शंकू पॉलिप्रॉपिलीनचा असतो, कडा रबराची, जाळीचं प्लास्टिक उन्हाने तडकू नये असं, आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या वाऱ्याची आपल्याला भीती नाही, पण ऊन आणि पाणी यांच्यासाठी हीच यादी लागते. जाळ्या बहुधा पांढऱ्या मिळतात. त्या कमी तापतात. सासूबाईंना मात्र चौक दवाखान्यासारखा दिसायला लागला, त्याला इलाज नाही.

३. पाणी तोंडावर चालतं, पाठीवर नाही.
हे खोक्यावर कोणी ठळक लिहीत नाही. बोटीत स्पीकरचा मागचा भाग कोरड्या कप्प्यात असतो, त्यामुळे जलरोधक म्हणतात ती त्याची पुढची बाजू. भिंतीवर नुसता टांगला तर मागून भिजून मरेल. आम्ही ओसरीच्या वळचणीखाली सागवानी खोकी बसवली. तोंड किंचित खाली कललेलं ठेवलं, म्हणजे जाळीत पाणी साचत नाही.

४. भोकाचं माप पट्टीने घ्या, नावावरून नको.
‘साडेसहा इंची’ हे फक्त नाव. भोक त्याहून बरंच लहान लागतं, आणि ते कंपनीगणिक बदलतं. मागे खोली किती हवी, हेही मोजा. जुनं भोक मोठं असेल तर वॉटरप्रूफ प्लायची कडी कापून मधे बसवा.

फटी बुजवायला घरातलं सिलिकॉन घेण्याआधी ते हुंगून बघा. व्हिनेगरसारखा उग्र वास येत असेल तर ते वाळताना आम्ल सोडतं, आणि तांब्याच्या तारेला ते खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. तेही फक्त खोक्याच्या सांध्यांना लावा. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टीच बरी, कारण हा स्पीकरही कोणाला तरी एक दिवस काढावा लागणारच आहे.

५. जुनी तार ठेवू नका.
टोक सोलल्यावर तांबं लालसर चमकायला हवं. आमचं काळंहिरवं निघालं, तेही फूटभर आतपर्यंत. बाजारात स्वस्त मिळते ती तार पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, तेव्हा दुकानदाराकडे अस्सल तांबं मागा. जाडीही महत्त्वाची. एक चौरस मिलिमीटरची तार २० मीटर नेली तर जाऊन-येऊन पाऊण ओहमच्या जवळ तिचाच रोध होतो. चार ओहमच्या स्पीकरला हे फार झालं. आम्ही अडीचची घेतली. आणि तार खोक्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, आत येत नाही.

६. ओहमची बेरीज आधी कागदावर.
जुने स्पीकर आठ ओहमचे होते, बोटीवाले बहुतेक चार ओहमचे असतात, मोटारीतल्यासारखे. असे दोन समांतर जोडले की दोनच ओहम उरतात आणि घरगुती अँप्लिफायर तापून बंद पडतो. तेच दोन एकामागून एक जोडले की आठ होतात. आमच्या मशीनला दोन चॅनल आहेत, प्रत्येकावर असे दोन-दोन, काम झालं. डावं-उजवं वेगळं ठेवलं नाही, चौकात चहूकडे माणसं बसतात. कोणाला नुसता तबला आणि कोणाला नुसता गवई ऐकू यायला नको.

मांडववाल्यांच्या कर्ण्याची गोष्ट वेगळी. त्यांची १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक कर्ण्यापाशी ट्रान्सफॉर्मर. त्या लाइनला असा स्पीकर थेट जोडलात तर त्याची कॉइल जळेल.

७. अधिक-उणे चुकलं तर ढोलकी गायब होते.
एक शंकू बाहेर येताना दुसरा आत गेला की खर्ज एकमेकांना खातो. खुणा पुसल्या असतील तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. शंकू पुढे सरकला तर सेलचं अधिक टोक जिथे आहे ते स्पीकरचं अधिक.

८. भिंतीपलीकडे काय आहे ते बघा.
बोटीवर स्पीकरचं लोहचुंबक होकायंत्राजवळ आलं तर दिशाच चुकते, म्हणून ते लांब ठेवतात. आमच्याकडे पातळ फळीच्या पलीकडे कॅसेटींचं कपाट होतं, आकाशवाणी ग्वाल्हेरवरून वर्षानुवर्षं टेप केलेलं गाणं. चुंबकाला चिकटून राहिलेली टेप पुसली जाऊ शकते. कपाट हलवलं, स्पीकर नाही. वहिनी अजून त्यावरून बोलतात.

९. दोन मोठ्यांपेक्षा चार लहान.
मोकळ्यात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. पूर्वी दोन्ही स्पीकर एकाच भिंतीवर होते, त्यामुळे पुढच्या रांगेचे कान किटत आणि मागच्यांना शब्द कळत नसे. आता चार कोपऱ्यांत चार आहेत, सगळे हळू वाजतात, आणि प्रत्येकाच्या जवळ एक आहे.

ज्या लष्करात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली संगीत विद्यालय काढलं, तिथल्या लोकांना खर्जाचा दणका ऐकवून स्पीकर विकता येत नाही. तरीही पारखायला मी ख्याल लावला नाही, हरिकथा लावली. तानसेन समारोहाची सुरुवात इथे हरिकथेने आणि मिलादने होते, त्यामुळे ती सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. बुवांनी गाता गाता बोलायला सुरुवात केली आणि शेवटच्या रांगेत आख्यानातला प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला, की स्पीकर जागेवर बसले असं समजावं.

१०. बटणावर खूण करा.
ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. फोनवरचं ॲप काटेकोर नसतं, पण अंदाजाला पुरतं. शेजाऱ्यांच्या फाटकाशी उभं राहून मोजलं आणि जिथे पंचावन्न भरले तिथे बटणाशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. काकांची तक्रार आहे की आरती आता गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत नाही. ती तिथे ऐकू येऊ नये म्हणूनच ठिपका आहे, हे त्यांना सांगून झालंय. ते येता-जाता बटण थोडं पुढे सरकवतात, मी मागे घेते.